खांदे रुंद, पाय अरुंद

बिझनेस क्लास म्हटलं की शॅम्पेन, गरम ओला रुमाल आणि ट्रेवरचा पांढरा टेबलक्लॉथ डोळ्यांसमोर येतो. हे सगळं मिळतं. पण तेवढ्यासाठी इकॉनॉमीच्या कितीतरी पट पैसे मोजणं हा शुद्ध वेडेपणा. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्या वेळी हवी असते पाठ टेकायला सपाट जागा. पैसे तिचे.

ही जागा फार जुनी नाही. १९७०च्या दशकाअखेरीस बिझनेस क्लास सुरू झाला तेव्हा प्रवाशाला मिळायची फक्त जरा ऐसपैस खुर्ची. पूर्ण सपाट होणारी सीट बिझनेस क्लासमध्ये आणली ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. आडव्या माणसाला सहा फूट लागतात आणि विमानात तर इंचाइंचाचं भाडं! तोडगा सापडला तो शरीराच्या घडणीत. खांदे रुंद, पाय अरुंद. म्हणून एका सीटचं तोंड पुढे, शेजारचीचं मागे; एकाच्या खांद्यांलगत दुसऱ्याचे पाय. युक्ती झकास. फक्त मधला पडदा वर होईपर्यंत परक्या माणसाच्या समोरासमोर बसावं लागे.

आजच्या बहुतेक सीटही याच हिशेबावर चालतात. तुमचे पाय पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखालच्या कप्प्यात जातात. उंच माणसाने शक्यतो पहिली रांग मागावी. तिथे हा कप्पा बहुधा मोठा असतो. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एक-दोन-एक अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट वाट मिळते. दोन-दोन-दोन असेल तर खिडकीवाल्याने रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडायची तयारी ठेवावी. तेव्हा तिकीट काढताना कंपनीच्या नावाआधी विमानाचा प्रकार आणि सीटचा नकाशा पाहावा.

विमानाचा प्रकार आणखी एका कारणाने महत्त्वाचा. एअरबस ए-३५० आणि बोइंग ७८७ मध्ये केबिनमधल्या हवेचा दाब सुमारे सहा हजार फुटांवर असतो तितका राखतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडंच वर. जुन्या विमानांत हा आकडा आठ हजारांपर्यंत जातो. तिथे दमायला जरा जास्तच होतं.

कमी दाब आणि कोरडी हवा जिभेलाही मंद करतात. मीठ आणि साखर फिकी लागते. मसालेदार रस्सा मात्र बऱ्यापैकी तग धरतो, म्हणून भारतीय जेवण निवडण्यात कमीपणा नाही. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं: विमान कंपन्यांच्या यादीतलं ‘हिंदू मील’ सहसा मांसाहारी असतं, त्यात गोमांस मात्र नसतं. आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’, आणि तेही निदान चोवीस तास आधी सांगून ठेवावं लागतं.

सीटचा पलंग कसा होतो हे कळलं नाही तर बेलाशक विचारावं. बटणांचं ते पॅनेल रोज उडणाऱ्यांनाही चकवतं. काही कंपन्यांत गादी क्रूच घालून देतो. पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे विमान हेलकावलं तरी तो लावलाय की नाही हे पाहायला कुणी उठवणार नाही. आणि नाश्त्याला उठवू नका, हे झोपण्याआधीच सांगून टाकावं. उतरण्याच्या दोनेक तास आधी दिवे लागतात, त्यातला तासभर तरी वाचतो.