पित्ताशय काढायचं कधी? सव्वाशे वर्षांचा मागोवा

पित्ताशयातला बारीक खडा घसरतो आणि पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकतो. स्वादुपिंडाची नलिकाही तिथेच उघडते. ती तुंबली की स्वादुपिंडाला सूज येते. ही गोष्ट बाल्टिमोरच्या युजीन ओपी यांनी 1901 साली शवविच्छेदनातून दाखवून दिली. पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन त्याआधीच, 1882 मध्ये, बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केलेलं होतं. कारण कळलं, उपाय हाती होता. वाद उरला तो वेळेचा.

1974 मध्ये अकोस्टा आणि लेडेस्मा यांना अशा बहुतेक रुग्णांच्या शौचात खडे सापडले. अडकलेला खडा बरेचदा आपोआप पुढे सरकतो, हे त्यातून समजलं. तरीही काही सर्जन तातडीनं पोट उघडत. 1988 मध्ये केली आणि वॅग्नर यांचा अभ्यास आला. आजार तीव्र असताना 48 तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू कितीतरी जास्त होते. मग सावधपणा आला आणि ‘सूज ओसरू द्या, सहा आठवड्यांनी या’ हा सल्ला रुळला.

दरम्यान ऑपरेशनच बदललं. मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ही सुरुवात. मोठा छेद गेला, रुग्ण लवकर घरी जाऊ लागला.

वर्ध्यात 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, पुढे सावंगी मेघे इथेही झालं. त्यामुळे मोठं ऑपरेशन जिल्ह्यातच होण्याची सोय झाली. पण आर्वी-आष्टीच्या शेतकऱ्याला ‘सहा आठवडे’ हा हिशेब परवडत नाही. दुखणं थांबलेलं असतं, तारीख सोयाबीनच्या सवंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत येते, आणि ऑपरेशन पुढच्या हंगामावर जातं. खडे मात्र पोटातच असतात.

या थांबण्याची किंमत नेदरलँड्समधल्या 23 रुग्णालयांच्या अभ्यासानं 2015 मध्ये मोजली. सौम्य आजाराच्या 266 रुग्णांपैकी निम्म्यांचं पित्ताशय त्याच भरतीत काढलं, बाकीच्यांचं 25 ते 30 दिवसांनी. सहा महिन्यांत खड्यांच्या त्रासानं पुन्हा भरती होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण थांबलेल्यांत 17 टक्के होतं, त्याच भरतीत ऑपरेशन झालेल्यांत 5 टक्के. लवकर केल्यानं ऑपरेशन अवघड झालं नाही. हे चित्र ठरलेली तारीख पाळली गेली तरचं आहे; आपल्याकडे ती वर्षभरही लांबते.

तीव्र आजारात मात्र घाई नको. स्वादुपिंडाभोवती पाणी साचलं असेल, तर ते जिरेपर्यंत थांबणंच योग्य.

म्हणून सूज सौम्य असेल, तर सुट्टी घेण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा: ‘ऑपरेशन याच भरतीत होईल का?’ होणार नसेल, तर कारण आणि पक्की तारीख कागदावर लिहून घ्या आणि शेतीची कामं त्या तारखेभोवती लावा.