‘सेटल’ झालेलं कर्ज

माझ्या मावसभावाने एक पत्र प्लास्टिकच्या फायलीत आठ वर्षं जपून ठेवलं होतं. क्रेडिट कार्डचं देणं थकत थकत ९१ हजारांवर गेलं होतं आणि वसुलीवाल्यांचे फोन त्याच्या सासऱ्यांपर्यंत पोचू लागले होते. तेव्हा बँकेनेच तोडगा सुचवला: ४० हजार एकरकमी भरा, विषय संपला. वहिनींनी भिशीचा नंबर आधी लावून घेतला, पैसे भरले, पत्र आलं. सही, शिक्का, सगळं रीतसर. गेल्या वर्षी तो घरकर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेला. तिथल्या अधिकाऱ्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, “सेटलमेंट केलीत का कधी?” याने अभिमानाने फाईल पुढे केली. अधिकारी म्हणाला, “तेच तर अडतंय.”

मराठीत भांडण मिटलं, व्यवहार मिटला, की पुन्हा कोणी तो विषय काढत नाही. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा शेवटचे दहा-वीस रुपये सोडून देतो आणि वहीतली ओळ खोडतो. कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल कंपनीच्या वहीत ओळ खोडली जात नाही. तिथे खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि किती रकमेवर तडजोड झाली, किती रक्कम बुडीत म्हणून सोडली, याचे आकडेही येऊ शकतात. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असतं. पुढच्या बँकेच्या दृष्टीने या दोन शब्दांत फार अंतर आहे. पहिल्याचा अर्थ ती असा वाचते: या माणसाने घेतलं त्यापेक्षा कमी परत केलं.

आणखी एक शब्द ‘रिटन-ऑफ’. बँकांच्या मराठीत निर्लेखन. याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या बँकिंग शब्दाबद्दल झाला नसेल. २०१४-१५ पासूनच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली, असं सरकारने संसदेत सांगितलं. त्यावर चहाच्या टपरीवर ‘मोठ्यांची कर्जं माफ, आमच्या मागे वसुलीवाले’ अशी चर्चा झाली. मोठ्यांकडून वसुली नीट होते का, हा प्रश्न रास्तच आहे. पण निर्लेखन म्हणजे माफी नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. पुढे बँक त्या बुडीत रकमेसाठी आपल्या नफ्यातून तरतूद करत जाते आणि एका टप्प्यावर ते कर्ज आपल्या ताळेबंदातून बाहेर काढते. ही झाली बँकेच्या घरातली झाडलोट. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३च्या परिपत्रकात ‘तांत्रिक निर्लेखना’ची व्याख्याच तशी केली आहे: हिशेबापुरतं काढून टाकलं, तरी कर्जदारावरचा दावा कायम. म्हणून राइट-ऑफ झाल्यावरही फोन येतात, नोटीस येते, कधी ते खातं दुसऱ्या कंपनीला विकलंही जातं. मग सिबिलच्या रिपोर्टमध्ये तेही दिसतं.

शेऱ्यांमध्ये चढउतार आहे. नुसतं ‘रिटन-ऑफ’ सगळ्यांत वाईट, कारण पैसे अजून येणं आहेत. निर्लेखनानंतर तडजोड झाली तर ‘पोस्ट रिटन-ऑफ सेटल्ड’ असा लांबलचक शेरा येतो. शेऱ्याच्या खाली महिन्यांची रांग असते आणि प्रत्येक महिन्याखाली किती दिवस थकलं ते तीन आकड्यांत: ०००, ०३०, ०६०, ०९०. कर्ज देणारा अधिकारी ३०० ते ९०० मधला स्कोअर बघतोच, पण अनुभवी माणूस ही रांग वाचतो. एखादा ०३० म्हणजे पगार उशिरा झाला असेल. चढत गेलेली रांग मात्र वेगळी गोष्ट सांगते. जामीनदारांनीही हे लक्षात ठेवावं. मित्राच्या कर्जाला सही केली असेल तर ते खातं तुमच्याही रिपोर्टमध्ये असतं, मित्राच्या थकबाकीसकट.

‘सात वर्षं थांबा, आपोआप निघून जाईल’ हा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. तो अमेरिकेतून आला आहे. तिथल्या कायद्याने अशी नोंद साधारण सात वर्षांनी रिपोर्टमधून काढावी लागते. आपल्याकडच्या नियमांतही सात वर्षं आहेत, पण ती ‘किमान’ आहेत: पतमाहिती कंपनीने माहिती निदान तेवढा काळ जपलीच पाहिजे. माझ्या भावाची नोंद आठव्या वर्षीही होती, ती यामुळेच.

मग करायचं काय? उरलेली रक्कम भरायची. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, भावालाही आवडलं नाही. पण ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेण्याचा सरळ मार्ग हाच. भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या की पूर्ण भरणा झाल्यावर ती कोणता शेरा कळवणार. मग नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या आणि रिपोर्ट तपासा. देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही बघा, कारण एकीकडे दुरुस्ती झाली आणि दुसरीकडे राहिली, असं होऊ शकतं.

दुरुस्ती मात्र बँकेच्या होकाराशिवाय होत नाही. सिबिल स्वतःहून अक्षर बदलत नाही. त्यामुळे ‘पंधरा हजारांत सिबिल साफ’ म्हणणारे एजंट नेमकं काय साफ करतात ते तुम्ही ओळखा. नोंद खरोखर चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

तडजोड करूच नये, असं मी म्हणणार नाही. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर ९१च्या जागी ४० भरून रात्रीची झोप मिळवणं यात कमीपणा नाही. फक्त तिची पुढची किंमत माहीत हवी. वर सांगितलेल्या परिपत्रकानुसार, शेतीकर्ज वगळता, अशा कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी बँकेने किमान १२ महिने थांबायचं आहे. त्यानंतरही द्यायचं की नाही, ते बँकेच्या मर्जीवर.

भावाने उरलेले ५१ हजार भरले. शेरा बदलला, घरकर्ज मिळालं, व्याजदर शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्त लागला. जुनं पत्र अजून फायलीत आहे. तुमच्या फायलीत असं एखादं पत्र असेल, तर या आठवड्यात रिपोर्ट मागवा आणि त्या खात्यापुढे कोणता शब्द आहे ते बघा.