डी-मार्टशी भावात भांडू नका, अडकलेले दिवस मोजा

मागच्या बॅचमध्ये कल्याणच्या एका ताईंनी थेट विचारलं, "सर, जवळच डी-मार्ट आहे, मोबाईलवर दहा मिनिटांत सामान घरी येतंय, त्यात लोकांच्या हातात पैसा नाही. किराणा दुकान चालू ठेवू की शटर ओढू?"

भावात तुम्ही जिंकणार नाही, हे आधी मान्य करून टाका. एजन्सीवाला आपल्याला ज्या दराने माल देतो, त्याहून कमी दराने तो मोठ्या साखळ्यांना मिळतो. जानेवारी २०२२ मध्ये याच रागातून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. ती तक्रार आजही ऐकू येते.

मग मोठे बुडतच नाहीत का? बुडतात की! सुभिक्षा आठवते? १९९७ ला चेन्नईत सुरू झाली, देशभर सुमारे १,६०० दुकानं झाली. २००८ च्या मंदीत रोकड आटली आणि २००९ च्या सुरुवातीला सगळं ठप्प. पुरवठादारांचे पैसे थकले, कामगारांचे पगार थकले. बिग बाजार २००१ चं. कर्ज वाढलं, भाडी थकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दोन्हीकडे होतं, भावही स्वस्त होते. रोकड नव्हती.

आता डी-मार्ट बघा. २००२ ला पवईत पहिलं दुकान. जागा बहुतेक स्वतःच्या, आणि पुरवठादाराला पैसे लवकर चुकते करतात म्हणून दर कमी मिळतो. त्यांचा भाव आपल्याला झेपणार नाही, पण ही शेवटची सवय झेपते.

मला ती उशिरा लागली. एका कंपनीच्या सेल्समनने स्कीम दिली, दहा पेट्यांवर एक फ्री. मी शाम्पूच्या चाळीस पेट्या उचलल्या, उधारीवर. त्या माळ्यावर बसून राहिल्या आणि गणपती आले. गूळ, नारळ, तांदळाची पिठी भरायला हातात पैसे नाहीत! वर्षभराचं गिऱ्हाईक मोदकाच्या सामानासाठी समोरच्या दुकानात गेलं. काही घरं परत आलीच नाहीत. बीबीएला वर्किंग कॅपिटलवर चांगले मार्क होते हो माझे.

हिशोब साधा आहे. समजा ३ लाखांचा माल महिन्यात एकदा फिरला, ८ टक्के सुटले, तर वर्षाला २ लाख ८८ हजार. तोच पैसा १५ दिवसांत फिरला आणि ६ टक्केच सुटले, तरी ४ लाख ३२ हजार. भाडं, लाईट बिल यातूनच जाणार, पण फरक बघा. कमी मार्जिन घेऊनही जास्त उरतात, कारण पैसा झोपत नाही.

डोंबिवलीची पोळी-भाजी केंद्रं हेच करतात. सकाळी पीठ आणि भाजी आणायची, संध्याकाळी लोकलमधून उतरलेली दमलेली माणसं पोळ्या घेऊन जातात, रात्री गल्ल्यात पैसे. एका दिवसात चक्र पूर्ण. स्टेशनबाहेर निवडलेली भाजी विकणाऱ्या मावशींचंही तेच. मोठ्या कंपनीला ही सातची गर्दी दिसत नाही असं नाही, पण कुठल्या घरात उद्या चतुर्थी आहे, कोणाला तेल कमी लागतं, हे मावशींना न विचारता माहीत असतं.

आता उधारी. मंदीत ती वाढणारच, आणि पूर्ण बंद केलीत तर गिऱ्हाईक तुटेल. मी प्रत्येक घराला एक मर्यादा ठरवली आहे आणि मागची बाकी भरल्याशिवाय नवीन पान नाही. सुरुवातीला दोन-चार जण रागावले. रागावू दे.

त्या ताईंना मी एकच काम दिलं होतं. प्रत्येक फळीवर चिठ्ठी लावा, माल कोणत्या तारखेला आला. तीन आठवड्यांनी कळलं की क्रीम-पावडरची अख्खी भिंत जवळजवळ हललीच नव्हती. जेवढं परत जाण्यासारखं होतं तेवढं एजन्सीला परत केलं, उरलेलं खरेदीच्या भावात काढलं. त्या जागी भाजणी, मेतकूट, घरगुती लाडू आले, शेजारच्याच बायकांकडून. एजन्सीवाल्याला विचारलं, "माल उतरल्यावर लगेच पैसे दिले तर किती सोडाल?" दोघांनी नाही म्हटलं, एकाने दीड टक्का सोडला.

परवा फोन आला होता त्यांचा. नफा अजून वाढलेला नाही म्हणाल्या, पण एजन्सीचं मागचं देणं फिटलंय.