आजोबांनी युद्धावरून आजीला लिहिलेली पत्रं जपायची कशी? आधी लॅमिनेशन टाळा

१९७१चं युद्ध होऊन पन्नास वर्षं उलटून गेली. तेव्हा सीमेवरून जवानांनी बायकोला लिहिलेली पत्रं आजही काही घरांत ट्रंकेच्या तळाशी किंवा बिस्किटांच्या डब्यात सापडतात. कागद जीर्ण दिसला की आपल्याला पहिल्यांदा लॅमिनेशन सुचतं. नेमकं तेच करू नका.

कागद पिवळा का पडतो?

लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त कागदात लिग्निन असतं. उजेड आणि हवेमुळे ते पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं आणि तंतू कमकुवत होतात. लॅमिनेशन केलं की हे आम्ल आतच कोंडतं. शिवाय गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं. सेलोटेपचा गोंदही कागदात मुरतो आणि तपकिरी डाग पडतात.

मग करायचं काय?

- हात धुऊन, पूर्ण कोरडे करून पत्रं हाताळा.
- गंजणाऱ्या टाचण्या, क्लिपा आणि रबरबँड अलगद काढा.
- घडी सहज उघडत असेल तरच उघडा. कागद कडक झाला असेल, तर संवर्धन तज्ज्ञाला दाखवा.
- पत्रं आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा.
- माळा आणि ओल येणारी भिंत टाळा. पावसाळ्यात बुरशी लागली नाही ना, हे बघत राहा.
- दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा. प्रती किमान दोन ठिकाणी ठेवा.

पाकीटही जपा

जवानाच्या पत्त्यात गावाऐवजी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असं लिहिलेलं असतं. लष्करी टपालाची ही सोय तुकडीचं ठिकाण गुप्त राहावं म्हणून आहे. त्यामुळे पत्र कधीचं आणि कोणत्या तुकडीतून आलं, हे शोधताना पाकिटावरचा शिक्का आणि पत्ता उपयोगी पडतो.

स्टोरी टाकण्याआधी आजीला विचारा

ही पत्रं तिला लिहिलेली आहेत, आपल्याला नाही. ती सार्वजनिक करायची की नाही, हे तिनेच ठरवायचं. आणि पत्रातला 'बाळू' कोण, 'त्या दिवशी' काय झालं होतं, हे फक्त तिलाच ठाऊक असतं. तिच्या शेजारी बसा, एकेक पत्र वाचा आणि तिची हरकत नसेल तर फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. कागद नीट जपला तर अजून बरीच वर्षं टिकेल. त्यामागची गोष्ट मात्र आजच विचारायला हवी.