प्रेशर वॉशर कसा वापरायचा? आधी पाणी, मग वीज! सुरक्षित वापर आणि देखभालीची संपूर्ण माहिती

शेवाळ चढून काळ्या पडलेल्या फरशीवरून पाण्याची एक धार फिरते आणि मागे स्वच्छ पांढरा पट्टा उमटत जातो. असे रील्स तुम्हीही थांबून थांबून पाहिले असतील. घरगुती प्रेशर वॉशर आता ऑनलाइन सेलमध्ये सहज मिळतात, त्यामुळे बऱ्याच घरांत बाईक, कार आणि अंगण धुण्यासाठी ते आले आहेत.

पण हे मशीन म्हणजे जोरात पाणी मारणारा पाईप नाही. चुकीच्या पद्धतीने वापरलं तर हाताला गंभीर इजा होऊ शकते, शॉक लागू शकतो आणि पंप पहिल्याच महिन्यात जाऊ शकतो. यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच सवयीने टळतात. ती म्हणजे मशीन सुरू आणि बंद करण्याचा योग्य क्रम. तो का पाळायचा, ते आज समजून घेऊ.

मशीनच्या आत नेमकं काय होतं?

मशीनमध्ये एक मोटर आणि एक पंप असतो. नळाचं पाणी पंपात जातं, पंपातले छोटे पिस्टन ते दाबतात आणि नोझलच्या बारीक भोकातून ते वेगाने बाहेर पडतं. पाणी कमीच लागतं, घरगुती मशीनला साधारण मिनिटाला ५ ते ७ लिटर. ताकद असते ती दाबात.

हा दाब बारमध्ये मोजतात. घरगुती मशीनवर बहुतेक वेळा १०० ते १३० बार असा आकडा दिसतो. कारच्या टायरमध्ये हवा भरतो ३२ पीएसआय, म्हणजे जेमतेम २.२ बार. गच्चीवरची टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तर नळाला मिळणारा दाब असतो सुमारे १ बार. आता १२० बार म्हणजे काय, याचा अंदाज आला ना? टायरमधल्या दाबाच्या पन्नासपटीहून जास्त!

सगळ्यात मोठा धोका: धार कातडीत शिरते

"पाणीच तर आहे" असं म्हणून अनेक जण धार पायावर मारून चिखल काढतात. हे कधीच करू नका. नोझलजवळची धार कातडी फाडून आत शिरू शकते. फसवणारी गोष्ट म्हणजे बाहेरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, फारसं रक्तही येत नाही. पण आत पाणी, साबण आणि घाण दूरवर पसरलेली असू शकते. काही तासांनी सूज आणि वेदना वाढतात, जंतुसंसर्ग होतो.

असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि "प्रेशर वॉशरची धार लागली आहे" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. साबण किंवा केमिकल वापरलं असेल तर तेही सांगा.

म्हणूनच काही नियम पक्के करा:

- गन माणसाकडे किंवा जनावराकडे रोखू नका. गमतीतही नाही.
- नोझल बदलताना किंवा साफ करताना मशीन बंद हवं, प्लग काढलेला हवा आणि ट्रिगर दाबून आतला दाब सोडलेला हवा.
- चप्पल नको. गमबूट किंवा बंद बूट घाला. डोळ्यांना गॉगल लावा, कारण उडालेला खडा डोळ्यात जाऊ शकतो.
- शिडीवर चढून वापरू नका. ट्रिगर दाबताच गन मागे धक्का देते आणि तोल जातो.
- हात सोडताना ट्रिगरचं सेफ्टी लॉक लावा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

पाणी आणि वीज एकत्र: इथे जुगाड नको

१५०० वॅटचं मशीन साधारण साडेसहा अँपिअर करंट घेतं. टीव्हीच्या बोर्डावरचं ६ अँपिअरचं छोटं सॉकेट यासाठी पुरेसं नाही. गिझर किंवा एसीला असतं तसं १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट वापरा. प्लगला तिसरी पिन असेल तर ती काढून टाकू नका, ती अर्थिंगसाठी आहे.

दुसरा गैरसमज एमसीबीबद्दल आहे. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, पण तुमच्या अंगातून करंट गेला तर तो पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. घरच्या बोर्डावर तो आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. त्यावर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा आणि आरसीसीबी पडतो ना, हे बघा.

शक्यतो एक्स्टेंशन टाळा. घ्यावंच लागलं तर जाड वायरचं घ्या, गुंडाळी पूर्ण सोडा (गुंडाळलेली वायर तापते) आणि जोड पाण्यापासून दूर, उंचावर ठेवा. ओल्या हाताने प्लगला हात लावू नका. स्विचबोर्ड, मीटरची पेटी आणि बाहेरचे दिवे यांवर धार मारू नका.

पेट्रोलवर चालणारं मशीन असेल तर ते बंद गॅरेजमध्ये कधीही चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो आणि त्याला वासही नसतो.

क्रम का महत्त्वाचा?

पंपाला थंड आणि ओलं ठेवण्याचं काम आतून वाहणारं पाणीच करतं. पाण्याविना मोटर चालली तर सील तापून खराब होतात, आणि मग गळती सुरू होते. म्हणून सुरू करताना पाणी आधी, वीज नंतर.

बंद करताना उलट. वीज आधी, पाणी नंतर. पण मशीन बंद केलं म्हणजे दाब गेला असं होत नाही. गन आणि पाईपमध्ये तो अडकून राहतो. म्हणून शेवटी ट्रिगर दाबून तो सोडायचा.

पाणी पुरेसं आहे का, हे बघायला १० लिटरची बादली नळाखाली ठेवा. ती मिनिटाभरात भरली तर बहुतेक घरगुती मशीनसाठी तेवढं पाणी पुरतं. दाब कमी असेल तर पिंपातून पाणी ओढता येतं, पण तुमच्या मशीनला ती सोय आहे का, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहा. गिझरचं गरम पाणी देऊ नका. बऱ्याच घरगुती मशीनची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते. विदर्भात मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच तापतं, त्यामुळे धुण्याचं काम सकाळीच उरका.

कशावर किती जवळून?

सुरुवात नेहमी रुंद धारेने आणि दोन-अडीच फुटांवरून करा. डाग निघत नसेल तरच हळूहळू जवळ जा. सुईसारखी सरळ धार गाडीवर वापरू नका.

- टायर: एक फुटापेक्षा जवळ नको. टायरची बाजू कमकुवत होऊन पुढे रस्त्यात फुटू शकते.
- बाईक: चेन, चाकाचं बेअरिंग, हँडलवरचे स्विच आणि रेडिएटरची जाळी यांवर थेट धार नको. ग्रीस निघून जातं, जाळी वाकते.
- इलेक्ट्रिक स्कूटर: "बॅटरी आयपी६७ आहे, काही होत नाही" हा तर्क चुकीचा आहे. आयपी६७ मधला ७ म्हणजे १ मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटं बुडवून घेतलेली चाचणी. जोरदार धारेची चाचणी वेगळी असते, ती ९ या आकड्याची. तुमच्या आयपी६८ फोनलाही हेच लागू आहे.
- जांभ्याची भिंत: कोकणात आणि गोव्यात चिरे शेवाळतात. पण जांभा मऊ असतो, जवळून धार मारली तर दगडच झिजतो. रुंद धार आणि ब्रश वापरा.
- सोलर पॅनल आणि एसीचं बाहेरचं युनिट: यांच्यासाठी साधा पाईपच बरा.

देखभाल: दहा मिनिटांचं काम

- जाळी: पाणी आत जातं तिथे छोटी जाळी असते. बोअरवेलच्या पाण्यातली रेती तिथे अडकते. दर काही वापरांनंतर ती काढून धुवा.
- नोझल: धार धडधडत किंवा वाकडी येत असेल तर नोझल तुंबलं असेल. प्लग काढून, दाब सोडून, बारीक पिनने साफ करा.
- साबण: प्रेशर वॉशरसाठीचा किंवा गाडीचा शाम्पू वापरा. टॉयलेटचं अ‍ॅसिड, ब्लीच, रॉकेल किंवा पेट्रोल टाकीत घालू नका. काम झाल्यावर साबणाच्या टाकीत साधं पाणी घालून एकदा चालवा.
- पाईप: मुडपू नका, त्यावरून गाडी नेऊ नका. फुगलेला किंवा चिरलेला पाईप टेप लावून वापरायचा नाही, थेट बदलायचा.
- ठेवताना: आतलं पाणी काढून सावलीत ठेवा.

आणखी एक ओळखीचा त्रास. ट्रिगर सोडल्यावर आपोआप बंद होणारं मशीन मध्येच "घुर्र" करून क्षणभर चालू होत असेल, तर कुठेतरी पाणी गळतंय. पाईपचे जोड आणि त्यातले रबरी ओ-रिंग आधी तपासा. पंपाच्या खालून पाणी येत असेल तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठा.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

सुरू करताना:
१. पाईप जोडा, नळ पूर्ण उघडा.
२. प्लग लावण्याआधी ट्रिगर दाबून ठेवा. पाण्यातले बुडबुडे संपून सलग धार येऊ द्या.
३. ट्रिगर सोडा, कोरड्या हाताने प्लग लावा, मशीन सुरू करा.

बंद करताना:
१. मशीन बंद करा, प्लग काढा.
२. नळ बंद करा.
३. धार थांबेपर्यंत ट्रिगर दाबा, मग लॉक लावा.

घरात मशीन दुसरं कुणी वापरत असेल, तर या सहा ओळी फॅमिली ग्रुपवर आजच टाका.