गिधाडांचा ऱ्हास : कारणांचा शोध आणि उपाय

गावाच्या शिवेबाहेर मेलेले जनावर टाकले की थोड्याच वेळात आकाशात गिधाडांच्या घिरट्या सुरू होत आणि काही तासांतच त्या जागी केवळ हाडांचा सापळा शिल्लक राही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी हे दृश्य खेड्यापाड्यांतून नित्याचे होते. गिधाड हा पक्षी कोणाच्या कौतुकाचा विषय नव्हता. उलट तो अशुभ मानला जाई. परंतु तो दिसेनासा झाल्यावरच त्याच्या कार्याचे मोल समाजाच्या ध्यानी आले.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि निमुळत्या चोचीचे गिधाड या तीन जातींवर सर्वांत मोठा आघात झाला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी, तर उरलेल्या दोन जातींची सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे रस्त्यांवरून केलेल्या गणनांत आढळून आले. म्हणजे जेथे पूर्वी हजार गिधाडे होती तेथे एखादेच उरले. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत इतका वेगवान ऱ्हास क्वचितच नोंदला गेला आहे.

रोग की विष ?

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांचा अभ्यास केला होता. १९९० च्या दशकात तेथेच पुन्हा गणना केली असता घरटी ओस पडलेली आणि झाडांखाली पक्षी मरून पडलेले दिसले. जिवंत पक्षीही माना खाली टाकून निश्चल बसलेले असत. अन्नाचा तुटवडा, कीटकनाशके, विषाणूजन्य रोग अशा अनेक शक्यता तपासण्यात आल्या. देशात जनावरांची कमतरता नव्हती. त्यामुळे उपासमारीचे कारण टिकले नाही. साथीच्या रोगाचा संशय मात्र काही वर्षे कायम राहिला.

या कोड्याचे उत्तर पाकिस्तानातील संशोधनातून मिळाले. तेथे डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत गिधाडांचे शवविच्छेदन केले. बहुसंख्य पक्ष्यांच्या आतड्यांवर व यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला होता. मूत्रपिंडे निकामी झाली की युरिक आम्ल शरीराबाहेर टाकले जात नाही आणि ते अवयवांवर अशा रीतीने जमा होते. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ पक्ष्यांची तपासणी केली असता सर्वच्या सर्व २५ पक्ष्यांच्या शरीरात ‘डायक्लोफिनॅक’ या औषधाचा अंश सापडला. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत तो मुळीच नव्हता. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

डायक्लोफिनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध होय. माणसांसाठी ते दीर्घकाळ वापरात होते. पुढे ते जनावरांसाठीही स्वस्तात उपलब्ध झाले. बैल लंगडू लागला, गाईला ताप आला किंवा कासेला सूज आली की त्याचे इंजेक्शन दिले जाई. शेतकऱ्याचा हेतू मुक्या प्राण्याच्या वेदना कमी करण्याचा होता, आणि तो सर्वथा योग्यच होता. परंतु उपचारानंतर लवकरच ते जनावर दगावले आणि उघड्यावर टाकले गेले, तर त्याच्या मांसातील औषध गिधाडांच्या पोटात जाई. कुजलेल्या मांसातील घातक जंतू सहज पचविणाऱ्या या पक्ष्याला ते औषध मात्र पचविता येत नाही.

अल्प प्रमाण, मोठा संहार

मोजक्या औषधोपचारित जनावरांमुळे लक्षावधी पक्षी कसे मरतील, अशी शंका साहजिकच घेतली जाते. तिचे उत्तर गिधाडांच्या जीवनक्रमात आहे. गिधाडे थव्याने खातात. एका मृत जनावरावर कित्येक पक्षी उतरतात. शिवाय अन्नाच्या शोधात ती दूरदूरचा प्रदेश पालथा घालतात. २००४ मधील एका गणिती अभ्यासानुसार, दर १३० ते ७६० मृत जनावरांमागे केवळ एका जनावरात घातक प्रमाणात औषध असले तरी प्रत्यक्षात झालेला ऱ्हास घडून येऊ शकतो. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे प्रौढ पक्ष्यांची झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

या हानीची झळ माणसालाही पोहोचली. मृत जनावरे कुजत पडू लागली, पाण्याचे साठे दूषित होण्याचा धोका वाढला आणि भटक्या कुत्र्यांना आयते खाद्य मिळाले. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी गिधाडे मुबलक असलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदराची अन्य जिल्ह्यांशी तुलना केली आहे. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईतील पारशी समाजालाही मलबार हिलवरील दोखम्यांतील अंत्यविधीच्या प्राचीन प्रथेत अडचणी निर्माण झाल्या.

शासकीय उपाययोजना

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या वापरावर केंद्र शासनाने २००६ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी ‘मेलॉक्सिकॅम’ हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले. तथापि, माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील औषध जनावरांना देण्याचा प्रकार सुरूच राहिला. म्हणून २०१५ मध्ये मानवी वापराचे हे इंजेक्शन केवळ ३ मिलिलिटरच्या एकमात्रा बाटलीतच विकण्याचे बंधन घालण्यात आले. केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक ही औषधेही गिधाडांना घातक असल्याने २०२३ मध्ये जनावरांसाठी त्यांच्यावर बंदी आली.

याबरोबरच हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन व प्रजनन केंद्र उभारण्यात आले आणि पुढे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेशातही अशी केंद्रे निघाली. पिंजोर येथील केंद्रातील गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात, तसेच गडचिरोली जिल्ह्यात, स्थानिक लोकांच्या सहकार्याने गिधाडांच्या रक्षणाचे प्रयत्न झाले आहेत. औषधाचा अंश नसलेली मृत जनावरे ठरावीक जागी ठेवून गिधाडांना सुरक्षित खाद्य पुरविणे, हा त्यांतील एक महत्त्वाचा भाग होय.

गावाच्या हाती असलेले काम

बंदीनंतर ऱ्हासाचा वेग मंदावला आहे. परंतु गिधाडे पूर्वीच्या संख्येने परतलेली नाहीत. पिंजऱ्यात वाढविलेला पक्षी मोकळ्या आकाशात सोडला, आणि पहिल्याच महिन्यात त्याला विषारी मांस मिळाले, तर वर्षानुवर्षांचे श्रम वाया जातील. हा धोका टाळणे केवळ वनविभागाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. जनावराला कोणते औषध द्यावयाचे, हे गोठ्यातच ठरते.

यासाठी ग्रामपंचायतींना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. जनावरांवरील उपचार पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावेत आणि वेदनाशामक हवे असल्यास मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरावा, हे ग्रामसभेत समजावून सांगता येईल. उपचार चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. बिबट्याचा किंवा कुत्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी मृत जनावरावर विष टाकण्याचा प्रकार कटाक्षाने थांबवावा; त्या विषाने गिधाडेही मरतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच वृक्षांवर, तर लांब चोचीचे गिधाड मुख्यतः कड्यांच्या कपारींत घरटे करते. तेव्हा घरटी असलेली जुनी झाडे तोडली जाणार नाहीत आणि विणीच्या हंगामात कड्यांवर गडबड होणार नाही, याची दक्षता घेणे आवश्यक आहे. गिधाड दिसल्यास त्याची जागा, तारीख व संख्या यांची नोंद शाळेतील विद्यार्थ्यांकडून ठेवून ती वनकर्मचाऱ्यांकडे पाठविण्याचा उपक्रम शिक्षकांना सहज हाती घेता येईल.

सीतेच्या रक्षणासाठी रावणाशी झुंजलेला जटायू ज्या ठिकाणी पडला, ते ठिकाण इगतपुरी तालुक्यातील टाकेद होय, अशी लोकश्रद्धा आहे. जटायूची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. त्याच्या कुळातील पक्षी पुढील पिढीला केवळ कथेतच भेटावा की गावाच्या आकाशातही दिसावा, हे गोठ्यातील औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून पाहण्याच्या साध्या सवयीवर बरेचसे अवलंबून आहे.