मथळा कानालाही कळावा

वर्तमानपत्र उघडलं की आपण आधी मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि हवी ती बातमी गाठतो. ज्याला दिसत नाही, त्यानं संगणकावर हे कसं करायचं? माझे एक दृष्टिहीन स्नेही, निवृत्त मास्तर, एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. पडद्यावरचा मजकूर ते वाचून दाखवतं. 'एच' ही कळ दाबली की पुढच्या मथळ्यावर उडी. '२' दाबलं की दुसऱ्या पातळीच्या.

पण पान तयार करणाऱ्यानं 'हा मथळा आहे' असं एचटीएमएलमध्ये सांगितलं असेल, तरच ही उडी जमते. (गझलेचा मतला कान ओळखतो, दोन्ही ओळींत काफिया असतो. इथे तशी सोय नाही.) मथळ्यांच्या पातळ्या सहा, एच१ ते एच६. पहिली साऱ्या पानाची, दुसरी त्यातल्या भागांची, तिसरी पोटभागांची. पुष्कळ जण अक्षरं नुसती मोठी आणि ठळक करून मोकळे होतात. डोळ्यांना तो मथळा वाटतो, यंत्राच्या लेखी साधा मजकूर. कुणी अक्षर लहान दिसावं म्हणून एच२ नंतर थेट एच४ वापरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मधलं काही सुटलं. अहो, अक्षराचा आकार ठरवायला सीएसएस आहे की!

परवा मास्तरांना नातीच्या शिष्यवृत्तीसाठी अर्जाची शेवटची तारीख हवी होती. त्या पानावर खरा मथळा एकही नाही. वरपासून सगळं ऐकत गेले. तारीख अगदी तळाशी. मी वाचून दाखवू का, असं विचारलं, तर हातानंच 'थांबा' म्हणाले.